मागे राहील तिचं गाव

ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात निवृत्ती जवळ आली की घरात एक विषय घोळायला लागतो: आता इथे कशाला राहायचं? तीस-पस्तीस वर्षं सकाळची फास्ट पकडण्यात गेली. ती आता पकडायची नाही, तर स्टेशनपासून दहा मिनिटांवरचं घर हवं कशाला? मुलगा बंगळुरूला, नाहीतर न्यू जर्सीला. कर्ज काढून घेतलेल्या वन बीएचकेची किंमत आज स्वतःलाच खरी वाटू नये अशी झालेली. तो विकायचा, अर्ध्या पैशांत दापोली, कर्जत, वाई, सावंतवाडी अशा ठिकाणी टुमदार घर घ्यायचं आणि उरलेले बँकेत टाकून व्याजावर राहायचं. कागदावर हिशेब चोख बसतो. तरी त्यात एक चूक आहे: तो चुकीच्या माणसासाठी मांडलेला असतो. मांडताना डोळ्यांसमोर असतं साठीचं, धडधाकट, गाडी चालवणारं जोडपं. त्या गावात सगळ्यात अवघड वर्षं काढायची असतात ती मात्र पंचाहत्तरी-ऐंशीतल्या एकट्या माणसाला, आणि ते माणूस बहुतेक वेळा बाई असते.

२०११ च्या जनगणनेत देशातल्या साठीपुढच्या स्त्रियांपैकी जवळपास निम्म्या विधवा होत्या. त्याच वयाच्या पुरुषांत जोडीदार गमावलेले सातात एक. कारणं सगळ्यांना ठाऊक आहेत. बायका सरासरीनं जास्त जगतात, आणि आपल्याकडे मुलीपेक्षा चार-सहा वर्षांनी मोठा मुलगा बघायची रीत होती. दोन्ही मिळून हिशेब केला तर आज निवृत्त होणाऱ्या अनेक जोडप्यांत शेवटची काही वर्षं, कधी दहासुद्धा, बायको एकटी असणार हे गृहीतच धरायला हवं. आता गाव कोण निवडतं ते पाहा. बहुतेक घरांत ते नवऱ्याचं मूळगाव असतं, किंवा नवऱ्याच्या मनात घर करून बसलेलं डोंगरउतारावरचं एखादं ठिकाण. त्याच्यासाठी ते बालपण असतं. तिच्यासाठी ते सासर असतं, गणपतीत आठ दिवस जाऊन चुलीशी राबायचं ठिकाण. तिचं भजनी मंडळ, भिशी, योगाचा वर्ग, आजारपणात डबा आणून देणारी शेजारीण हे सगळं डोंबिवलीच्या टिळकनगरात नाहीतर ठाण्याच्या नौपाड्यात असतं. गाव बदलताना नवरा नोकरी संपलेलं शहर सोडतो, बायको मात्र उभं केलेलं सगळं जग सोडते. याची नोंद कागदावरच्या हिशेबात नसते.

छोटं गाव शोधायला निघण्याआधी आपण सोडून काय चाललो आहोत, हे म्हणूनच नीट पाहायला हवं. डोंबिवलीला रेल्वे स्टेशन आलं १८८६ मध्ये. पुढे गिरगाव-दादरच्या खोल्या अपुऱ्या पडू लागल्या तसे कारकून, शिक्षक, बँकवाले इथे येत गेले. त्यांच्याकडे वाहनं नव्हती, त्यामुळे गाव स्टेशनपासून चालत पोचता येईल तेवढ्याच घेरात दाटत गेलं. हा दाटपणा तरुणपणी जाचतो, उतारवयात तोच हात धरतो. रामनगर किंवा टिळकनगरातल्या जुन्या सोसायटीतून सकाळी खाली उतरलेली सत्तरीची बाई तासाभरात किती कामं उरकते पाहा: गणेशमंदिरात डोकं टेकवायचं, केमिस्टकडून बीपीच्या गोळ्यांची पट्टी घ्यायची, निवडलेली मेथी, पोळी-भाजी केंद्रातून चार पोळ्या आणि एक उसळ, बँकेत पासबुक भरून घ्यायचं, वाचनालयात मासिक बदलायचं. वाटेत पाच-सात माणसं तिच्याशी नावानं बोलतात. दोन दिवस ती दिसली नाही तर भाजीवाला तिच्या बिल्डिंगच्या वॉचमनला विचारतो. एवढं मनुष्यबळ पैसे मोजून उभं करायला गेलं तर कुठल्याच पेन्शनीत बसणार नाही.

हे डोंबिवलीचं गुणगान समजू नये. फुटपाथ असून नसल्यासारखे आहेत, रिक्षा स्टँडभोवती पाय ठेवायला जागा नसते. औद्योगिक वसाहतीत मे २०१६ मध्ये आणि पुन्हा मे २०२४ मध्ये माणसं दगावण्याइतके मोठे स्फोट झाले, मधल्या काळात २०२० मध्ये रसायनांनी एक रस्ताच गुलाबी झाला. शिवाय इथल्या जुन्या तीन-चार मजली इमारतींना लिफ्ट नाही, त्यामुळे गुडघे गेले की तिसऱ्या मजल्यावरच्या घरात माणूस अडकून पडतो. निघून जावंसं वाटणं अगदी समजण्यासारखं आहे. प्रश्न आहे कुठे जायचं याचा. धूळ आणि गर्दी मागे टाकताना तो चालत्या अंतरातला शेजारही मागे टाकला, तर सौदा आतबट्ट्याचा ठरतो.

सगळ्यात मोठी ओढ असते ती कोकणातल्या वडिलोपार्जित घराची, म्हणून तिथे थोडं थांबायला हवं. रस्ता गावात आला तरी तो बहुधा वरच्या अंगाला थांबतो. तिथून घरापर्यंत उतरते ती पाखाडी, जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची वाट. मे महिन्यात, आंब्याच्या दिवसांत, ती चित्रातल्यासारखी दिसते. जुलैत तिच्यावर शेवाळ चढतं, पायऱ्यांवरून पाणी वाहत असतं आणि काठी टेकावी तर काठीच सरकते. रात्री छातीत दुखू लागलेल्या माणसाला त्या वाटेनं वर आणायचं तर खुर्चीत बसवून चार जणांनी उचलायचं, दुसरा इलाज नाही. ते चार जण आणायचे कुठून? २००१ ते २०११ या दशकात ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या एक तृतीयांशाहून जास्त वाढली आणि त्याच दशकात रत्नागिरी व सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया, म्हणजे कमावता पुरुष कामासाठी बाहेर. खांदा देऊ शकणारे हात वाडीत नाहीत, ते दिवा, कल्याण आणि नालासोपाऱ्यात आहेत. गणपतीत आणि शिमग्यात सगळ्या घरांतून दिवे लागलेले पाहून जे गाव गजबजलेलं वाटतं, त्याच गावात कार्तिकात दहातली सहा घरं कुलूपबंद असतात आणि किल्ल्या एका म्हातारीकडे असतात. त्या म्हातारीच्या सोबतीला आपण दुसरे म्हातारे म्हणून जाऊन बसणार. सातबाऱ्यावरची चौदा नावं आणि घराच्या कौलांवरून रुसलेला चुलतभाऊ हा पुन्हा वेगळा अध्याय.

नेहमीचं उत्तर येतं की आता सगळीकडे हॉस्पिटलं झाली आहेत. झाली आहेत हे खरंच. आपत्कालीन सेवेची १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून धावते. सिंधुदुर्गात ओरोसला २०२१ मध्ये आणि रत्नागिरीला २०२३ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं सुरू झाली. चिपळूणजवळ डेरवणचं वालावलकर रुग्णालय कित्येक वर्षं मोठा भार उचलतं आहे. सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला उत्पन्नाची अट न घालता पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं आयुष्मान कार्ड देण्याची योजना ऑक्टोबर २०२४ मध्ये आली. पण कार्ड चालतं योजनेत बसणाऱ्या रुग्णालयात, आणि तिथे पोचायचं आपलं आपल्याला असतं. म्हातारपणाचे आजार अंतर मोजतात. अर्धांगाच्या झटक्यात मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन होऊन रक्तस्राव नाही याची खात्री करावी लागते. म्हणजे मशीन हवं, ते वाचणारा डॉक्टर हवा आणि दोघेही रात्री दोन वाजता हवेत. मूत्रपिंडं निकामी झाली तर आठवड्यातून तीनदा, दर वेळी चारेक तास डायलिसिस. आता घर डायलिसिस केंद्रापासून पन्नास किलोमीटरवर असेल तर आठवड्याला तीनशे किलोमीटरचा प्रवास झाला, तोही सुया टोचून घेतलेल्या थकल्या शरीरानं. सावंतवाडी-कुडाळकडे गंभीर रुग्णाबद्दल अजूनही लोक ‘बांबोळीला हलवलं’ असं म्हणतात. बांबोळी म्हणजे गोव्याचं सरकारी रुग्णालय, साठ-सत्तर किलोमीटरवर, दुसऱ्या राज्यात. ज्या गावातल्या बोलण्यात ‘हलवलं’ हे क्रियापद वारंवार येतं, तिथे जागा घेण्याआधी दोनदा विचार करावा.

मग छोटं गाव निवडूच नये काय? निवडावं, पण पूर्वीच्या पेन्शनरांनी निवडलं तसं. पुण्याला पेन्शनरांचं गाव म्हणत, ते हवेमुळेच असा आपला समज आहे. हवा होतीच. पण त्या पेन्शनरांनी टेकडीच्या उतारावर एकटे बंगले बांधले नाहीत. ते पेठांत आणि पेठांना लागून राहिले: मंडई चालत, देऊळ चालत, ग्रंथालय चालत, आणि १८६७ पासून ससून रुग्णालय. याच नजरेनं आज नकाशा पाहिला तर निसर्गाच्या जाहिरातीत कधीही न दिसणारी गावं पुढे येतात. मिरज घ्या. निवृत्तीचं ठिकाण म्हणून मिरजेचं नाव काढलं तर डोंबिवलीकर हसेल. तिथे ना समुद्र ना डोंगर. पण विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिशनचं रुग्णालय काढलं तेव्हापासून मिरज हे डॉक्टरांचं गाव आहे, सरकारी वैद्यकीय महाविद्यालयालाही साठ वर्षं होऊन गेली. कर्नाटकातून आणि सोलापूरकडून रुग्ण तिथे येतात, म्हणजे ‘हलवायचं’ ते मिरजेलाच. रेल्वेचं मोठं जंक्शन आहे, कल्याणला थांबणाऱ्या कोयना आणि महालक्ष्मी एक्स्प्रेस थेट तिथे पोचतात. शिवाय तंबोरे आणि सतारी घडवणाऱ्यांची वस्ती. संध्याकाळी गाणं ऐकायला मुंबई लागत नाही. रत्नागिरी शहराचंही तसंच. मांडवीच्या बाजूचं समुद्रदर्शन असू द्या, पण निवृत्तांच्या कामाचं शहर आहे ते बाजारपेठेभोवतीचं: जिल्हा रुग्णालय, एसटी स्टँड, १८२८ पासून चालत आलेलं नगर वाचनालय आणि हाकेला ओ देणारी आळी. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण झाल्यापासून ठाण्याहून ते एका दिवसाच्या, आता तर अर्ध्या दिवसाच्या टप्प्यात आहे. २०२३ पासून मुंबई-मडगाव वंदे भारत ठाण्यालाही थांबते आणि रत्नागिरीलाही. वाई मला मनापासून आवडणारं गाव. घाट, विश्वकोशाचं कार्यालय, बोलकी माणसं. पण तिथे रेल्वे नाही आणि मोठ्या दुखण्याला साताऱ्याला जावं लागतं, त्यामुळे वाईचा मोह असणाऱ्यानं सातारा शहरात घर घेऊन वाईला वरचेवर जावं हे बरं.

रेल्वेचा मुद्दा मुद्दाम पुढे आणतो आहे, कारण गाव बदलल्यावर जाणं-येणं दोन्ही बाजूंनी व्हावं लागतं. रेल्वेनं ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च २०२० मध्ये बंद केली. एसटीत मात्र २०२२ पासून पंचाहत्तरीपुढे प्रवास फुकट आहे आणि पासष्टच्या पुढे अर्धं तिकीट. पण फुकट तिकीट म्हणजे बारा तास बसायची कंबर नव्हे. लेक कल्याणला असेल आणि आईकडे पोचायला तिला गाडी बदलावी लागत असेल, तर ती महिन्याऐवजी तिमाहीला येईल. गावाचं अंतर किलोमीटरमध्ये मोजू नये; मुलीला शुक्रवारी रात्री निघून रविवारी रात्री परत येता येतं का, एवढंच विचारावं.

यावर सगळ्यात सरळ तोडगा म्हणून बदलापूर, नेरळ, कर्जत ही नावं पुढे येतात. जवळ आहेत, लोकल आहे, डोंगर दिसतो. पण लोकल जिथे पोचते तिथे छोटं गाव छोटं राहत नाही, हे डोंबिवलीकराला वेगळं सांगायला नको. २००१ मध्ये लाखाच्या आत असलेलं कुळगाव-बदलापूर २०११ मध्ये पावणेदोन लाखांच्या घरात गेलं. निवृत्तीला वीस वर्षांची मुदत धरली, तर शांततेसाठी घेतलेल्या घरासमोर बायको एकटी राहील त्या काळात टॉवर उभे असतील. आणि उल्हास नदी आपली जागा परत मागते. जुलै २०१९ मध्ये बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस हजाराहून जास्त प्रवाशांसह पाण्यात अडकली, तेव्हा ते साऱ्या देशानं टीव्हीवर पाहिलं. पाण्याचा हा मुद्दा उल्हासपुरता नाही. चिपळूणची बाजारपेठ २२ जुलै २०२१ ला बुडाली, सांगली २०१९ आणि २०२१ मध्ये. म्हणून मिरज-सांगली असो की चिपळूण, जागा पाहताना एजंटच्या बोलण्यावर न जाता पूररेषेचा नकाशा पाहावा, निळी रेषा कुठे आणि लाल कुठे. आणि शेजारच्या जुन्या दुकानाच्या भिंतीवर पाणी चढल्याची खूण कुठवर आहे तेही पाहावं. दापोलीकडे वाऱ्याचा हिशेब वेगळा. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर त्या भागात कित्येक गावांना आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. तरुणाला ती गंमत वाटेल, ऑक्सिजनच्या मशीनवर असलेल्याला वाटणार नाही.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही हलके नाहीत. पहिला असा: मरणाच्या भीतीनं जगायचं काय? साठ ते बहात्तर ही बारा धडधाकट वर्षं मोकळ्या हवेत, बाग करत काढली तर काय बिघडलं? ऐंशीचं ऐंशीला बघू. हे म्हणणं मला पटतं, फक्त त्यातला शेवटचा तुकडा सोडून. बारा वर्षं डोंगरावर जरूर राहावं, पण डोंबिवलीचं घर विकून नव्हे. गावाकडचं घर विकलं जायला वर्षानुवर्षं लागतात आणि तोवर शहरातल्या जागेचे भाव हातातून गेलेले असतात. ‘बघू’ म्हणण्याची वेळ येते तेव्हा घर विकणारी व्यक्ती नुकतीच एकटी पडलेली असते, कागदपत्रं तिच्या नावावर व्हायची असतात आणि घर पाहायला येणाऱ्याला तिची निकड दिसत असते. भाड्यानं राहा, किंवा छोटं घर घ्या, पण परतीचं दार उघडं ठेवा. अर्थात परतीचं दारही लिफ्ट असलेल्या इमारतीतलं हवं. दुसरा आक्षेप पैशाचा: डोंबिवलीचं घर विकल्याशिवाय गाठीला काहीच नाही, पेन्शन तुटपुंजी, मग दोन्हीकडे घर ठेवणं श्रीमंतांचे चोचले. ज्यांची गत खरोखर अशी आहे त्यांनी तर पाय रोवूनच जागा निवडायला हवी, कारण त्यांना दुसरी संधी नाही. त्यांच्यासाठी भर पेठेतला जुना, तळमजल्याचा फ्लॅट नव्या बंगल्यापेक्षा कितीतरी बरा. आणि ‘शेतजमीन स्वस्तात मिळतेय’ या मोहात तर मुळीच पडू नये. महाराष्ट्रात १९४८ च्या कुळकायद्यानुसार शेतकरी नसलेल्याला शेतजमीन परवानगीवाचून विकत घेता येत नाही, आणि तुकडेबंदीमुळे दोन-चार गुंठ्यांच्या व्यवहारात हमखास खोट निघते. एनए आहे असं तोंडी सांगणारे पुष्कळ भेटतात. आदेश पाहायला मागितला की फोन उचलत नाहीत.

ज्येष्ठांसाठीच बांधलेल्या वसाहती हा मधला मार्ग आहे. नेरळची डिग्निटी लाइफस्टाइल, तळेगावकडचे प्रकल्प; तिथे डॉक्टर असतो, जेवण असतं, कॉरिडॉरला कठडे असतात. अशा प्रकल्पांसाठी दारांच्या रुंदीपासून रॅम्पपर्यंतचे किमान निकष महारेरानं २०२४ मध्ये ठरवून दिले, हे चांगलं झालं. अडचण एवढीच की तिथे सगळेच म्हातारे. शेजारच्या घरातलं पोर जिन्यात धडपडून रडतंय आणि आजी दार उघडून बाहेर येते, असं तिथे घडत नाही. काहींना तेच हवं असतं. ज्यांना नको, त्यांनी वसाहतीतलं जेवण चाखून पाहण्याबरोबर मंगळवारची दुपार तिथे काढून पाहावी.

ठाणे-डोंबिवलीकरांच्या हाती सध्या एक सोय आयती आली आहे आणि तिचा असा उपयोग करायचं फारसं कुणाच्या डोक्यात येत नाही. जुन्या सोसायट्या पुनर्विकासाला चालल्या आहेत. इमारत रिकामी करायची, बिल्डरकडून भाडं घ्यायचं आणि तीन वर्षं कुठेतरी राहायचं. बहुतेक जण त्याच गल्लीत भाड्याचं घर शोधतात आणि सामान टेम्पोत घालून चार इमारती पलीकडे जातात. नोकरी संपलेल्यानं त्याच गल्लीत राहायची काही गरज नाही. ठाण्याच्या भाड्यात रत्नागिरीला किंवा मिरजेला मोठं घर मिळतं, मूळ घर आपल्याच नावावर राहतं आणि तीन वर्षांनी लिफ्ट असलेल्या नव्या इमारतीत परतायची मुभा असते. तोवर गाव पारखून घेता येतं: रात्री रिक्षा मिळते का, कामाला बाई टिकते का, नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत किती जिने चढावे लागतात, दळण टाकायला कुठवर जावं लागतं, आणि नवरा आठवडाभर मुलाकडे गेला की तिला त्या गावात एकटीनं करमतं का. हा शेवटचा आठवडा मुद्दाम घडवून आणावा. भाडेकरार बहुधा अकरा महिन्यांचा असतो. लोक तो दिवाळीनंतर करतात, हवा छान असते म्हणून. तो मे महिन्याच्या अखेरीला करावा, म्हणजे सामान लावून होतं न होतं तोच पाऊस सुरू होतो.